फाट्यापर्यंत

वसमतहून औंढ्याकडं जाताना मध्येच एका लिंबाखाली एसटी थांबते आणि कंडक्टर आमच्या गावाचं नाव घेतो. खाली उतरून बघावं तर गाव नाहीच. रस्त्याखालून गेलेली एक मोरी, तिचा सिमेंटचा कठडा, गफूरभाईंचं पत्र्याचं चहाचं हॉटेल आणि दोन्ही बाजूंना हळदीची रानं. हा नुसता फाटा. गाव इथून एक किलोमीटर आत.

हा एक किलोमीटर माझी गयाआत्या जन्मभर चालली. स्वतःला कुठं जायचं असायचं म्हणून नव्हे. ती वसमतच्या पुढं फारशी गेलीच नाही. ती चालायची ती दुसऱ्यांना घालवायला. आमच्या घरी आलेला माणूस कसाही येवो, जाताना त्याला एकट्यानं जाता यायचं नाही. आत्या चुलीवरचं खाली उतरवायची, पदर खोचायची, भाजलेल्या शेंगांची पिशवी घ्यायची आणि निघायची. बरं, फाट्यावर सोडून परत येईल तर शपथ. गाडी येईपर्यंत कठड्यावर बसायची. गाडी आली की पायरीवर हात ठेवून कंडक्टरला बजावायची, "लेकरू हाय आमचं. बराबर उतरवा." हे लेकरू कधी साठीचं असायचं. एकदा तर जमादार होते, वर्दीसकट.

आणि गाडी सुटली तरी ती उठायची नाही. औंढ्याच्या बाजूला रस्ता एका बाभळीपाशी वळतो. गाडी त्या वळणाआड गेली की मग आत्या गुडघ्यावर हात टेकून उठायची. एकदा मी घाई केली तेव्हा म्हणाली, "जाणारा आधी जातो बाबू. राहणारानं आधी उठू न्हाई. त्यानं मागं वळून बघितलं अन् आपुन न्हाईत, तर त्याला कसं वाटंल?"

"मागं बघायला खिडकी तरी लागते आत्या. तो मधल्या सीटवर बसलाय."

"तू बसला असशील मधल्या सीटवर. त्याला जागा भेटली खिडकीला. मी बघितलं न्हाई व्हय?"

तिनं सगळ्यांचं बघितलेलं असायचं.

ती अंगानं एवढीशी, रंगानं काळीसावळी. कानाच्या वरच्या भागाला बुगड्यांची दोन मोठी भोकं होती. बुगड्या कधीच्या गेल्या, भोकं राहिली. लग्नानंतर चार वर्षांनी ती माहेरी परत आली ती आलीच. नवरा एका सकाळी नांदेडला जातो म्हणून गेला आणि पुन्हा दिसला नाही. त्या सकाळी दोघांचं भांडण झालं होतं, ही त्याला घालवायला गेली नाही, आणि म्हणून पुढं जन्मभर सगळ्या जगाला घालवत बसली, असं गावातल्या शहाण्या लोकांचं मत. मी कॉलेजात मानसशास्त्राचं एक पुस्तक अर्धं वाचलं होतं, त्यामुळं माझंही तेच मत. एकदा धीर करून तिला विचारलं. तिनं शेंग फोडली, दाणा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "त्याला काहून घालवायला जाईन मी? आपल्या पायानं गेला, ब्याद टळली." मग बराच वेळ शेंगा फोडत राहिली. खाल्ली एकही नाही.

माझ्या थोरल्या बहिणीला बघायला परभणीकडची मंडळी आली होती. पोहे खाल्ले, चहा घेतला, आणि उठता उठता मुलाच्या मामानं माझ्या बापाला बाजूला घेऊन सांगितलं की मुलगी रंगानं जरा कमी आहे. आई आत जाऊन रडली. बाप भिंतीकडं तोंड करून बसला. आणि आत्या? आत्यानं शेंगांची पिशवी घेतली.

"अगं, त्यांनी नकार दिला!" आई ओरडली.

"नकार दिला म्हणून रस्ता बंद झाला का? ऊन केवढं हाय."

गेली. गाडी उशिरा आली. तेवढ्या वेळात मुलाच्या आईचं गुडघ्याचं दुखणं, सुनेचं पहिलं बाळंतपण, सगळं आत्याला कळलं. त्या बाईनं पुढं कैक वर्षं संक्रांतीला आत्यासाठी तिळगूळ पाठवला. माझी बहीण मात्र वर्षभर आत्याशी बोलली नाही, आणि मला अजूनही वाटतं की ताईचं चुकलं नाही. सगळ्यांना घालवायला जाणारं माणूस घरच्यांना कधीकधी फार जड जातं.

माझ्यावरही ती पाळी आली होती. बारावीत मी गणितात असा नापास झालो की मास्तरांनी उत्तरपत्रिका बघून माझी नव्हे, स्वतःची कीव केली असेल. मी घर सोडायचं ठरवलं. पिशवीत दोन शर्ट, एक चादर आणि का कोण जाणे, भूगोलाचं पुस्तक घेतलं आणि उजाडायच्या सुमाराला निघालो. अर्ध्या रस्त्यात मागून चपला वाजल्या. आत्या होती. आता ही ओरडणार, ओढत नेणार. ती नुसती शेजारून चालू लागली.

"कुठं चाललास?"

"पुण्याला."

"बरं. पहिली गाडी सातला हाय."

कठड्यावर बसलो. तिनं शेंगा काढल्या. पुण्यात कुणाकडं उतरणार, काय करणार, एका शब्दानं विचारलं नाही. त्यामुळं ते सगळं मलाच स्वतःला विचारावं लागलं, आणि उत्तरं काही चांगली येईनात. गाडी आली. आत्यानं पायरीवर हात ठेवला. "लेकरू हाय आमचं. बराबर उतरवा."

"कुठं उतरवायचं?" कंडक्टरनं मला विचारलं.

माझ्या तोंडात शेंगा होत्या आणि डोळ्यांत पाणी. कंडक्टर दोन मिनिटं थांबला, मग म्हणाला, "ठरलं की सांग बाबा," आणि घंटी मारली. गाडी वळणाआड गेली तेव्हा कठड्यावर आम्ही दोघंही बसलेलो होतो. घरी आईनं विचारलं, कुठं गेला होतास, तर आत्याच म्हणाली, "माझ्यासंगं आला व्हता, फाट्यावर." ती गोष्ट तिनं मरेपर्यंत कुणाला सांगितली नाही. आज मीच सांगून राहिलो.

आमच्याकडं मातीला बाया जात नाहीत. मसणवटा फाट्याच्या पलीकडं, ओढ्याच्या काठाला. त्यामुळं तिरडी फाट्यापाशी खाली ठेवतात, खांदे बदलतात. त्याला विसावा म्हणतात. बायांनी दारातूनच परत फिरायचं. माझी आजी, म्हणजे आत्याची आई गेली, तेव्हा लोकांनी तिरडी उचलली आणि आत्या मागून चालू लागली. भावकीतला एक म्हातारा आडवा आला. "गया, बायामाणसं येत न्हाईत."

"मी मातीला कुठं येऊन राहिले? मी फाट्याला चालले. फाटा काय तुमच्या मालकीचा हाय का?"

आत्या विसाव्यापर्यंत गेली, कठड्यावर बसली. माणसं आजीला घेऊन वळणाआड गेली, मग उठली. पुढच्या मयताला तिच्या शेजारी अजून दोघी बसल्या. आता आमच्या गावात सगळ्याच बाया फाट्यापर्यंत जातात, आणि नव्या सुनांना वाटतं की हा रिवाज फार जुना आहे.

त्या दिवशी परत येताना ती मला म्हणाली होती, "बाबू, मला लेकरू न्हाई. मी जाईन तवा तू फाट्यापर्यंत ये. तिथून पुढं हे बाकीचे नेतील. पण फाट्यापर्यंत तू."

मी म्हणालो, "येईन." तेव्हा मी नांदेडला नोकरीला होतो. तासाभराची वाट. वचन देऊन टाकायला काय जातंय?

पुढं माझी नोकरी पुण्याच्या कंपनीत लागली. संगणकावर कुठलं बटण दाबल्यावर काय होतं, ते लोकांना समजेल अशा भाषेत लिहायचं, हे माझं काम. करोनानंतर ते घरूनच चालायला लागलं. तशात माझी लेक ऋतुजा डॉक्टरकीसाठी जॉर्जियाच्या राजधानीला, तिबिलिसीला गेली, आणि पहिल्याच हिवाळ्यात बर्फावर घसरून पाय मोडून बसली. बायको नांदेडला शाळेत शिक्षिका, तिला रजा नाही. माझी नोकरी काय, लॅपटॉपात. मी सव्वा महिन्यासाठी गेलो आणि दीड वर्ष राहिलो. पाय बरा झाला, पण पोरगी एकटी राहायला घाबरायची. आणि खरं सांगायचं तर, मला ते गाव आवडलं होतं. आहे राजधानी, पण बेताची. मधून नदी, डोंगरावर चढणारी दोरखंडाची गाडी, तंदुरासारख्या भट्टीतून निघालेली लांब भाकर, आणि आमच्या इमारतीत नाणं टाकल्याशिवाय न हलणारी लिफ्ट. मी बहुतेक जिनाच चढायचो. व्यायाम म्हणून, असं पोरीला सांगायचो.

निघायच्या आधी आत्याला फोन घेऊन दिला होता, मोठ्या काचेचा. तिची पहिली शंका अशी: "तुझं ते गाव वसमतएवढं हाय का?"

"राजधानी आहे आत्या. लई मोठी."

"मग तिला फाटा असंल."

"राजधानीला कसला फाटा?"

"न्हाई? मग जाणाराला लोक घालवत्यात कुठवर?"

दुसरी शंका वेळेची. तिबिलिसी आपल्यापेक्षा दीड तास मागं आहे, हे मी समजावून सांगितलं. ती विचार करून म्हणाली, "म्हंजे एक यष्टी चुकली, एवढंच की." आमच्या फाट्यावर दोन गाड्यांच्या मधे दीड तासच असायचा. इतका सोपा हिशेब मला त्या देशातही कुणी सांगितला नाही.

तिथं मी एक उद्योग केला. घरमालकीण नळ बघायला आली होती. जाताना मी सवयीनं तिच्याबरोबर खाली उतरलो, बसथांब्यापर्यंत गेलो, बस येईपर्यंत उभा राहिलो. ती सारखी माझ्याकडं संशयानं बघत होती. दोन दिवसांनी ऋतुजा कपाळाला हात लावून म्हणाली, "बाबा, तिनं मला फोन करून विचारलं, तुझ्या वडिलांना माझ्याशी काही बोलायचं होतं का? की तब्येत बरी नाही?" मी हे आत्याला सांगितलं. आत्या हसली नाही. म्हणाली, "बसली का नीट गाडीत? मग झालं."

फोन मीच करायचो. ती स्वतःहून कधी करायची नाही. निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नसते, आणि तिच्या लेखी मी अजून वाटेतच होतो. माझे दुपारचे चार म्हणजे तिचे साडेपाच. शेळीचं दूध काढून झालेलं असायचं. व्हिडिओ असला तरी ती फोन कानालाच लावायची. त्यामुळं दीड वर्षात मी आत्याचा उजवा कान जेवढा बघितला तेवढा कानाच्या डॉक्टरनंही कुणाचा बघितला नसेल. दोन मोठी भोकं, एक पांढरी बट, मागं हलणारं आभाळ.

आभाळ हलायचं, कारण बोलणं संपत आलं की ती चालू लागायची. "चल, घालवते तुला." मला वाटायचं, घरात रेंज नसेल. विलासनं, माझ्या चुलतभावानं, सांगितलं की घरात चांगली पाच रेघा रेंज असते. ती फोन घेऊन फाट्यापर्यंत जायची, कठड्यावर बसायची आणि मग म्हणायची, "हं, ये आता." फोन मी बंद करायचा. तिनं नाही. जाणारा आधी.

पंधरा मिनिटं लागायची या निरोपाला. सुरुवातीला मला गंमत वाटायची, मी ऋतुजालाही बोलवायचो. मग सवय झाली. मग, आता लपवण्यात अर्थ नाही, मग त्रास व्हायला लागला. ती चालायची आणि मी इकडं मेल तपासायचो. "व्हय आत्या" म्हणायचो, कशाला ते माहीत नसताना.

वैशाखातला मंगळवार होता. सव्वाचारला माझी मीटिंग होती. नवे साहेब, तरणाताठा माणूस, उशीर झालेला त्यांना चालायचा नाही. आत्या अर्ध्या वाटेत होती. सांगत होती की विलासच्या रानात हळद शिजवायचं बॉयलर बंद पडलं आणि अर्धी हळद ओलीच राहिली.

"आत्या, मीटिंग आहे. ठेवतो."

"थांब की. आलाच बघ फाटा. लिंब दिसून राहिला."

"मी परत लावतो आत्या. नंतर लावतो."

"आरं पण..."

मी लाल बटण दाबलं. मीटिंगमध्ये मी अकरा मिनिटं एका शब्दाबद्दल बोललो. साहेब म्हणाले, छान.

त्या संध्याकाळी लावीन म्हणालो, राहिलं. बुधवारी काम होतं. गुरुवारी ऋतुजाची परीक्षा. शनिवार-रविवार असेच गेले, कसे ते आठवत नाही, म्हणजे काही विशेष करत नव्हतो. तिकडून फोन येणार नव्हताच. मागून हाक मारायची नसते.

सोमवारी सकाळी विलासचा फोन आला. "भाऊ, आत्या गेली. शेळीपाशी बसली व्हती. बसल्या जागी."

पहिलं विमान संध्याकाळी. मग मधे बदली, मुंबई, तिथून रेल्वे. कसंही केलं तरी बुधवार उजाडणार. विलास चाचरत म्हणाला, "भाऊ, ऊन लई हाय. ठेवता यायचं न्हाई." त्याचं बरोबर होतं. मी म्हणालो, "नका ठेवू. पण फोन चालू ठेव विलास. फाट्यापर्यंत मला ने."

त्यानं फोन शर्टाच्या खिशात ठेवला, कॅमेरा बाहेर. मला घरात बसवेना. पाच मजले उतरून बसथांब्यावर गेलो आणि बाकावर बसलो. फोनच्या काचेत पुढच्या माणसांच्या पाठी, मडक्याचा धूर, आणि ज्या रस्त्याचं दीड वर्ष मी फक्त आभाळ बघितलं होतं तो रस्ता. शेजारी एक म्हातारी बसली होती. तिनं माझ्या फोनात डोकावलं, काय ते कळलं तिला. छातीवर क्रुसाची खूण केली. तिची बस आली, ती गेली.

"भाऊ," विलासचा आवाज आला, "फाटा आला. विसावा हाय. काय बोलायचं तर बोला."

त्यानं फोन खिशातून काढून समोर धरला. तिरडी खाली होती. कठड्यावर बाया बसल्या होत्या, एकीला एक लागून. खांदा बदलणारे चौघं पुढं आले. मी आयुष्यभर शब्दांवर पोट भरलेला माणूस. त्यांनी तिरडी उचलली तेव्हा तोंडून निघालं ते एवढंच:

"माणूस हाय आमचं. बराबर उतरवा."

चौघं थबकले. मग त्यातला एक फोनाकडं बघून म्हणाला, "व्हय भाऊ." आणि निघाले. विलास तिथंच थांबला, फोन तसाच धरून. ती वळणाआड जाईपर्यंत मी बाकावरून उठलो नाही. विमानात मी स्वतःला सांगत राहिलो की, चला, शब्द पाळला म्हणायचं. कसाबसा का होईना. फाट्यापर्यंत होतो.

बुधवारी सकाळी राख सावडायला पोचलो. कंडक्टरनं गावाचं नाव घेतलं, मी उतरलो. विलास मोटारसायकल घेऊन येणार होता, आला नव्हता. गफूरभाईंनी चहा आणून दिला आणि माझ्यापुढं उभेच राहिले. आत्याचं आणि त्यांचं चाळीस वर्षांचं येणंजाणं.

"भाऊ, एक बात बोलू का? मंगळवारी, उस दिन, आत्या हितंच बसली व्हती. फोन हातात. औंढ्याची गाडी गेली, तरी बसून. मी म्हणलं, आत्या, फोन तो बंद है. काळा हाय. तर म्हणली, त्याची मीटिंग हाय, सुटली की लावतो म्हणलाय. दुसरी गाडी बी गेली. मग उठली."

मी कप कठड्यावर ठेवला.

"जाताना मला म्हणली, गफूर, गेला असंल तो. मलाच दिसलं न्हाई."

"हं."

"दुसरे दिन भी आली. साडेपाचला, बराबर. एक गाडी जाईतो बसली. तिसऱ्या दिवशी बी आली. पदरानं त्या फोनची काच पुसायची, अन् बसायची."

चौथ्या दिवसाचं मी विचारलं नाही.

ते आत गेले. कठडा सकाळीच तापायला लागला होता. एका जागी सिमेंट घासून गुळगुळीत झालं आहे. मी त्याच्या शेजारी बसलो, त्यावर नाही. वसमतहून दुसरी गाडी आली, जादाची, आणि थांबली. कुणी उतरलं नाही, कुणी चढलं नाही. कंडक्टरनं मला विचारलं, "यायचंय का?" मी नाही म्हणालो. विलासची मोटारसायकल गावाकडून येताना दिसत होती. तो जवळ आला, म्हणाला, "चला भाऊ, मंडळी खोळंबलीत."

"थांब," मी म्हणालो. "गाडी वळू दे."